चार इंच की पाच इंच? काँक्रीटच्या हिशोबाबद्दल तुमचे प्रश्न

कापूस विकून पैसे हातात आले की आपल्याकडे अंगण, ओटा, गोठा, वरचा स्लॅब अशी सगळी राहिलेली कामं एकदम निघतात आणि मग पत्रंही त्याच विषयाची येतात. या वेळी बहुतेकांनी एकच विचारलंय, माल किती लागेल आणि समोरच्याचा आकडा खरा की खोटा ते आपण घरबसल्या कसं ओळखायचं. यावलच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिलीये, कारण त्यातला हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढची पत्रं वाचायला सोपी जातील.

प्रश्न : भाऊ, घरासमोर ३० बाय २० फुटाचं अंगण आहे, तिथं काँक्रीट करायचंय. केळीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली उभी राहते. ठेकेदार म्हणतो ६० गोण्या सिमेंट लागेल, गावातला दुकानदार म्हणतो ४० मध्ये होऊन जाईल, आणि मिस्त्री म्हणतो पाच इंच कसाले पाहिजे, चार इंच बस झालं. २० गोण्यांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. यातलं कोण फसवतंय?
— एक शेतकरी वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, कोणीच फसवत नाहीये. दोघांचाही आकडा बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या अंगणाबद्दल बोलताहेत. तुम्ही दोघांना लांबी-रुंदी सांगितली, जाडी आणि मालाचं प्रमाण सांगितलंच नाही, मग ज्याने त्याने आपल्या मनाने धरलं.

आता हिशोब बघा. काँक्रीट चौरस फुटात नाही, घनफुटात मोजायचं. ३० गुणिले २० म्हणजे ६०० चौरस फूट, त्याला जाडीने गुणायचं पण जाडी फुटात करून, म्हणजे ४ इंच असेल तर ४ भागिले १२. उत्तर येतं २०० घनफूट, आणि १०० घनफुटाला एक ब्रास म्हणून २ ब्रास. पाच इंच केलं तर तेच २५० घनफूट, अडीच ब्रास.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १०० घनफूट तयार काँक्रीटसाठी सुका माल १०० घनफूट पुरत नाही, साधारण १५४ घनफूट लागतो, कारण खडीच्या फटींमध्ये वाळू जाऊन बसते, वाळूच्या फटींत सिमेंट जातं आणि पाणी टाकून ठोकल्यावर सगळं खाली बसतं. हे १५४ आपल्या प्रमाणात वाटून टाकायचे. १:२:४ (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) असेल, ज्या दर्जाला एम-१५ म्हणतात, तर एकूण भाग ७, १५४ भागिले ७ म्हणजे २२ घनफूट सिमेंट. एक ५० किलोची गोणी सव्वा घनफुटाला थोडी कमी भरते, म्हणजे ब्रासला १८ गोण्या, ४४ घनफूट वाळू आणि ८८ घनफूट खडी. १:१॥:३ (एक, दीड, तीन) असेल, म्हणजे एम-२०, तर भाग साडेपाच, सिमेंट २८ घनफूट, ब्रासला जवळपास २३ गोण्या, वाळू ४२ आणि खडी ८४ घनफूट. हे दोन ओळींचे आकडे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, आयुष्यभर कामाला येतील.

आता तुमचे दोघं. दुकानदाराने ४ इंच आणि १:२:४ धरलं, २ ब्रासला ३६ गोण्या, वर दहा टक्के सांडलवंड, झाल्या ४०. ठेकेदाराने ५ इंच आणि १:१॥:३ धरलं, अडीच ब्रासला ५७ गोण्या, वर थोडी सांडलवंड, झाल्या ६०. दोघांचं गणित चोख आहे.

पैशाचं बघू. भाव रोज बदलतात, म्हणून इथे फक्त हिशोबापुरते धरतोय, तुम्ही तुमच्या गावचे टाका : गोणी ३८० रुपये, वाळू ब्रासला ६,०००, खडी ब्रासला ३,५००. चार इंची कामात सिमेंट १५,२००, वाळू ८८ घनफूट लागते, सांडलवंड धरून ०.९५ ब्रास घेतली तर ५,७००, खडी १.८५ ब्रास म्हणजे ६,४७५, एकूण २७,३७५. पाच इंची चांगल्या मालाच्या कामात सिमेंट २२,८००, वाळू १.१ ब्रास ६,६००, खडी २.२ ब्रास ७,७००, एकूण ३७,१००. फरक पावणेदहा हजारांच्या आसपास, चौरस फुटाला १६ रुपये. आणि म्हणूनच नुसत्या चौरस फुटाच्या भावावर दोन ठेकेदारांची तुलना करू नका, ज्याचा भाव १५ रुपयांनी कमी आहे त्याने कदाचित एक इंच कमी धरलेला असतो. (एक सांगायचं राहिलं, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, कोणी त्याच्या आधीचं जुनं कोटेशन दाखवत असेल तर परत नवीन मागा.)

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, भरलेली ट्रॉली उभी राहणार असेल तर ५ इंच आणि १:१॥:३ च करा. चार इंच माणसांच्या वावराला, खाटा टाकायला, मोटारसायकलला ठीक आहे. केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉलीचं वजन दोन चाकांच्या खाली एकवटतं आणि कडेचा भाग आधी तुटतो.

पण भाऊ, तुमच्याकडे खरा खर्च काँक्रीटच्या खाली आहे आणि तो दोघांपैकी एकानेही सांगितला नाही. यावल-रावेर पट्ट्यात तापीकाठची काळी कसदार माती आहे, पिकाला सोनं पण बांधकामाला त्रास, पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर पाच काय सहा इंच टाका, दोन पावसाळ्यांत तडे जाणार. निदान एक फूट काळी माती काढून तिथं मुरूम भरा, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा कॉम्पॅक्टर फिरवा. ६०० चौरस फुटाला एक फूट म्हणजे दाबलेला मुरूम ६ ब्रास, पण ट्रॉलीतून येणारा मुरूम सैल असतो, दाबल्यावर बसतो, म्हणून साडेसात ब्रास तरी मागवावा लागेल. हा मुरूम, खोदाई, माती वाहून नेणं आणि रोलरचं भाडं आजच्या आज विचारून घ्या, नाहीतर काम अर्ध्यावर आल्यावर ठेकेदार 'एक्स्ट्रा' म्हणून सांगेल आणि तेव्हा नाही म्हणता येणार नाही.

अंगण एका दमात सलग ओतू नका. १० बाय १० फुटाचे चौकोन करून एकाआड एक भरा, म्हणजे तडा जायचाच असेल तर सांध्यात जाईल, मधून वेडावाकडा जाणार नाही. पाणी रस्त्याकडे जाईल असा उतार आधी मुरुमालाच द्या, काँक्रीटमध्ये उतार काढायला गेलात तर एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला सात इंच होतं आणि सगळा हिशोब कोलमडतो.

कामाच्या दिवशी एवढं करा : ओतायच्या आधी कडेला लावलेल्या पाट्यांच्या वरच्या कडेवरून लाईनदोरी ताणा आणि दोरीपासून मुरुमापर्यंत आठ-दहा जागी टेपने मोजा. तुमच्या अंगणात सरासरी अर्धा इंच जरी वाढला तर २५ घनफूट जास्त, म्हणजे सहा गोण्या. अर्धा इंच कमी पडला तर त्या सहा गोण्यांचं काम तुम्हाला मिळालंच नाही. आणि रिकाम्या गोण्या संध्याकाळी स्वतः मोजून ठेवा.

प्रश्न : वाळूवाला 'एक ब्रास' म्हणून ट्रॉली टाकून जातो, मिस्त्री म्हणतो ब्रास नाही भरत. गिरणा नदीची वाळू घ्यावी की क्रश सँड? क्रश सँडने घर कमजोर होतं असं गावात म्हणतात.
— एक वाचक, भडगाव

उत्तर : ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात मतभेदाला जागाच नाही. ट्रॉली खाली करायच्या आधी आतून लांबी, रुंदी आणि वाळू जिथपर्यंत सपाट भरलीये तिथपर्यंतची उंची मोजा. समजा साडेनऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच निघाली तर गुणाकार येतो ७८ घनफूट, म्हणजे २२ घनफूट कमी, आणि पैसे मात्र पूर्ण ब्रासचे जातात. वरच्या ढिगाकडे बघून भुलू नका, फावड्याने सपाट करायला लावा. ट्रॉलीवाला चिडेल, चिडू द्या, टेप तुमच्या हातात असू द्या.

दुसरी गोष्ट ओल्या वाळूची. वाळू थोडी दमट असली, पाच टक्क्यांच्या आसपास ओल, की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून ती फुगते, वीस-तीस टक्क्यांपर्यंतही. म्हणजे तुम्ही हवा विकत घेताय. बघायचं असेल तर काचेच्या सरळ बरणीत वाळू भरून उंचीची खूण करा, मग पाणी भरून ढवळा आणि बसू द्या, खाली किती बसली ते दिसेल. त्याच बरणीत मिठाचं पाणी घालून हलवून दोन-तीन तास ठेवलं तर वर गाळाचा थर दिसतो, तो वाळूच्या आठ टक्क्यांच्या वर असेल तर ती वाळू परत पाठवा.

क्रश सँडने घर कमजोर होत नाही, ही भीती मनातून काढा. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत दगड फोडून केलेली वाळू स्पष्टपणे मान्य आहे. गडबड कुठे होते सांगतो, क्रश सँडच्या नावाखाली क्रशरची कच येते, म्हणजे खडी फोडताना खाली पडलेली भुकटी, चपट्या कपच्या आणि धूळ. ती प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावात टाका, काँक्रीटमध्ये नको. मुठीत धरून सोडली आणि हाताला पिठासारखी चिकटून राहिली तर समजून घ्या. नदीची वाळू घेणार असाल तर रॉयल्टीची पावती आणि वाहतूक पास असलेलीच घ्या, रात्रीची आलेली स्वस्त वाळू महाग पडते, शिवाय गिरणेचं पात्र ज्या पद्धतीने खरवडलं जातंय त्याचा फटका शेवटी काठच्या आपल्याच विहिरींना बसतोय.

प्रश्न : दादा, आमचं कॉलम आणि भिंतीपर्यंत काम झालंय, आता २५ बाय ३० चा स्लॅब टाकायचाय, ५ इंची. बीम ९ बाय १८ इंचाचे, चारी बाजूंनी आणि मधून एक उभा एक आडवा. ठेकेदार म्हणतो चौरस फुटाला ४ किलो लोखंड लागतं म्हणून ३ टन मागवा. मिस्टर बाहेरगावी नोकरीला असतात, सगळं मलाच बघावं लागतं. ३ टन खरंच लागेल का?
— एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, मागवू नका. चार किलोचा ठोकताळा चुकीचा नाही, पण तो पूर्ण घराचा आहे, फूटिंगपासून कॉलम, प्लिंथ बीम, जिना, स्लॅब सगळं धरून. तुमचं खालचं लोखंड कधीच जमिनीत आणि कॉलममध्ये गेलंय, त्याचे पैसेही दिलेत, तेच परत कशाला घ्यायचं.

आधी काँक्रीट मोजू. स्लॅब ७५० चौरस फूट, ५ इंच म्हणजे ३१२.५ घनफूट. बीम मोजताना इथे एक चूक हमखास होते, १८ इंच पूर्ण धरतात, पण त्यातले वरचे ५ इंच तर स्लॅबमध्येच मोजून झालेत, म्हणून खाली उरतात १३ इंच. बीमची एकूण लांबी चारी बाजूंची ११० फूट, मधला उभा-आडवा मिळून ५५ फूट, म्हणजे १६५ फूट, त्याला पाऊण फूट रुंदी आणि १३ इंच खोली, १३४ घनफूट. दोन्ही मिळून ४४७ घनफूट, साडेचार ब्रासला थोडं कमी. सिमेंट १०२ गोण्या, सांडलवंड धरून १०६-१०७ सांगा, वाळू १.९ ब्रास, खडी पावणेचार ब्रास. बीम पूर्ण १८ इंच धरले असते तर १२ गोण्या फुकट जास्त आल्या असत्या, आणि उरलेलं सिमेंट पावसाळ्यात दगड होतं.

लोखंडाचा अंदाज घनमीटरवर काढतात. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. तुमचा स्लॅब ८.८५ घनमीटर, त्याला घनमीटरला ८० किलो धरले तर ७०८ किलो. बीम ३.८ घनमीटर, त्यांना १०० ते १५० किलो धरले तर ३८० ते ५७०. म्हणजे सगळं मिळून अकराशे ते तेराशे किलो. तीन टनाच्या निम्मंही नाही.

हा झाला अंदाज. ऑर्डर मात्र अंदाजावर देऊ नका, इंजिनिअरकडून ड्रॉइंग आणि बार बेंडिंग शेड्यूल घ्या, त्यात सळई किती जाडीची, किती अंतरावर, किती लांब सगळं असतं आणि मग तुम्ही स्वतः मोजू शकता. सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे, जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, एका मीटरचे किलो येतात. फुटाला म्हणाल तर ८ एमएम १२० ग्रॅम, १० एमएम १८८ ग्रॅम, १२ एमएम २७० ग्रॅम. समजा ड्रॉइंगमध्ये २५ फुटी बाजूच्या दिशेने १० एमएम सळया दर ६ इंचावर आहेत, तर ३० फुटात ६१ सळया बसतील, वाक धरून प्रत्येकी २६ फूट, १,५८६ फूट, गुणिले १८८ ग्रॅम, जवळपास ३०० किलो. असं एकेक ओळ लिहीत गेलात की एका संध्याकाळी पूर्ण यादी होते. बांधायची तार टनाला ८ ते १० किलो वेगळी. गाडी आली की काट्यावर वजन करूनच पैसे द्या, नगावर घेऊ नका.

आणि ताई, मिश्रण १:२:४ नको, कितीही अनुभवी मिस्त्री 'आम्ही आयुष्यभर असंच केलं' म्हणाला तरी. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीपासून लोखंडी काँक्रीटला कमीत कमी एम-२० लागतं. सळयांखाली २० एमएमचे कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का ते स्लॅबच्या आदल्या दिवशी वर चढून बघा, खडीचे तुकडे लावलेले असतील तर काढायला लावा. सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लेटा झोल खाल्लेल्या असतील तर त्याच वेळी टेकू घट्ट करून घ्या, कारण तुमच्या स्लॅबला अर्धा इंच जाडी वाढली की ३१ घनफूट, म्हणजे सात गोण्या गेल्या, आणि वजनही वाढलं.

प्रश्न : घमेल्याने माप चालतं का? आमचा मिस्त्री गोणीला वाळूची-खडीची घमेली टाकतो, पाणी नळीने सोडतो.
— एक वाचक, साक्री

उत्तर : घमेलं कधी काठोकाठ, कधी शिगोशीग, दुपारनंतर माणूस थकला की अर्धं. लाकडी फर्मा करून घ्या, आतून १२ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच, म्हणजे सव्वा घनफूट, साधारण एका गोणीएवढा. एक गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. सुतार तासाभरात करून देतो. पाणी नळीने अजिबात नको, बादलीनेच, एम-२० ला ५० किलो सिमेंटमागे ३० लिटर ही वरची मर्यादा आहे आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल ओढायला सोपा जातो म्हणून माणसं पाणी वाढवतात, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की तिथं पोकळ्या राहतात आणि पुढे गळती तिथूनच सुरू होते. घट्ट माल नीट बसवायला व्हायब्रेटर भाड्याने आणा.

प्रश्न : लग्न मेअखेरीला आहे म्हणून एप्रिलमध्येच स्लॅब उरकायचाय. भुसावळचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. चालेल का, आणि पाण्याचा खर्च किती धरायचा?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : चालेल, पण पाणी हा तुमच्या एस्टिमेटमधला वेगळा मोठा आयटम आहे, तो कोणी लिहीत नाही. ४० अंशांच्या वर हवा असेल तर ते गरम हवेतलं काँक्रीट मानतात आणि त्याचे नियम वेगळे आहेत. माल पहाटे सुरू करून उन्हाच्या आत संपवा किंवा संध्याकाळी सुरू करून रात्री लाईट लावून करा. खडीच्या ढिगावर आदल्या रात्रीच पाणी मारा, सेंट्रिंगच्या तापलेल्या प्लेटा ओतायच्या आधी गार करा, टाकीतलं पाणी सावलीत ठेवा.

क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, कोरड्या गरम हवेत १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही, आणि तुम्ही पीपीसी सिमेंट वापरत असाल, आपल्या बाजारात बहुतेक तेच मिळतं, ज्यात राख मिसळलेली असते, तर १४ दिवस धरा. समजा स्लॅब ७५० चौरस फुटाचा आहे आणि आळी करून दोन इंच पाणी उभं केलं, तर १२५ घनफूट, एका घनफुटाला २८.३ लिटर म्हणजे ३,५०० लिटर पहिल्याच दिवशी. पुढे दिवसाला अर्धा इंच जरी उडालं-झिरपलं तरी रोज ९०० लिटरच्या घरात. १३ दिवसांचे साडेअकरा हजार आणि पहिले साडेतीन, एकूण १५,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे तीन टँकर, शिवाय कॉलमला गुंडाळलेलं बारदान ओलं ठेवायचं ते वेगळं. टँकरचा भाव आजच ठरवून ठेवा, मे महिन्यात तो वाढलेला असतो. पाणी आणायची सोय नसेल तर लग्न होऊ द्या आणि स्लॅब पावसाळ्यानंतर टाका.

खालचे टेकू लग्नाच्या मांडवासाठी घाईने काढू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबचे टेकू कमीत कमी ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, आणि बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, हे साध्या सिमेंटचे आकडे आहेत, पीपीसीला त्यावर आणखी चार-पाच दिवस सोडा. २० एप्रिलला स्लॅब पडला तर बीमचे टेकू मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघतील, म्हणजे प्लास्टर आणि रंगाला जेमतेम दोन आठवडे, त्या हिशोबाने सेंट्रिंगवाल्याला आत्ताच तारीख द्या.